एका देहातले दोघे

जे वाचणार नाही, त्याच्याशी वैद्याने कसं वागावं? चरकसंहितेत या प्रश्नाला उत्तर आहे. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात वैद्याच्या चार वृत्ती सांगितल्या आहेत: सर्वांशी मैत्री, पीडितांविषयी करुणा, बरा होण्याजोग्या रुग्णाविषयी आस्था, आणि टीकाकारांच्या मते मरणाच्या वाटेला लागलेल्याविषयी अलिप्तता. सांगलीच्या महाविद्यालयात संस्कृत शिकवताना मी हा श्लोक मुलांना समजावून सांगायचे. चौथी वृत्ती मला फार शहाणपणाची वाटायची. ज्याचा हात कापतो तो वैद्य काय कामाचा?

माझ्या पहिल्या खेपेला आठव्या आठवड्यात डाग दिसला. सोनोग्राफीच्या वेळी डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघतच मदतनिसाला म्हणाल्या, ‘‘हार्टबीट नाही, लिही.’’ मग मला, ‘‘क्युरेटिंग करावं लागेल. उद्या उपाशीपोटी या. आणि रडताय काय? अजून त्यात होतं काय?’’ पलीकडच्या खोलीतून दुसऱ्या कुणाच्या बाळाचे ठोके ऐकू येत होते, टापांसारखे. कागद तयार होईपर्यंत मला बाहेर बसवलं, दिवस गेलेल्या बायकांच्या रांगेत.

घरी कारणांना तोटा नव्हता. सासूबाईंना पपई आठवली, शेजारच्या काकूंना खड्ड्यांतून चालवलेली स्कूटर. आत्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, ‘‘तेवढेच ऋणानुबंध होते गं, फेडून गेलं.’’ तिच्या बोलण्यात माया होती, पण रात्री मी हिशेब मांडत बसले: मागच्या जन्मी कुणाचं काय बुडवलं असेन? कर्मसिद्धांत दुःखाला अर्थ देतो खरा, पण त्या अर्थासोबत आरोपीही हजर करतो.

लक्षात आलेल्या दर शंभर गर्भधारणांपैकी साधारण दहा ते वीस अशाच संपतात. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ जातो तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा गुणसूत्रांतच दोष असतो. या माहितीने पूर्वजन्म खोटा ठरत नाही, पण पपई आणि स्कूटर तरी निर्दोष सुटतात. डॉक्टरीणबाईंना हे पाठ असणार. ‘तुमच्या हातून काही चुकलेलं नाही’ एवढं म्हणायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. बाहेर रांग होती, मान्य. पण ‘त्यात होतं काय’ म्हणायलाही वेळ लागलाच की.

चरकाकडे परत गेले तेव्हा वाटलं, बाईंनी चौथी वृत्ती नेमकी पाळली होती, फक्त चुकीच्या माणसावर. गर्भाविषयी त्या अलिप्त राहिल्या, ते बरोबरच होतं. तिथे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण मी मरणाच्या वाटेला लागले नव्हते. मी पीडित होते आणि पूर्ण बरी होणार होते. दुसरी आणि तिसरी, दोन्ही वृत्ती माझ्या वाट्याच्या होत्या. एका देहात दोघे असले की एकाची वृत्ती दुसऱ्याला लावून मोकळं होणं सोपं जातं.

मनुस्मृती सांगते, गर्भस्राव झाला तर जितके महिने तितक्या रात्रींनी स्त्री शुद्ध होते. त्यातली विटाळाची कल्पना मला पटत नाही. तरी त्या नियमाने बाईसाठी रात्री मोजून ठेवल्या आहेत. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली. एकमेकांपासून इतके दूरचे हे दोन ग्रंथ, पण या जागी आत काय होतं हे दोघेही विचारत नाहीत. काहीतरी गेलं आणि ते एका बाईच्या अंगावर घडलं, एवढं त्यांना पुरतं.

गर्भात जीव नेमका कधी येतो, यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. टेबलावर पडलेल्या बाईत तो आहे, याबद्दल कुठल्याच दर्शनाचं दुमत नाही. करुणेला तेवढं पुरेसं आहे.