गणिताची पदवी आणि वाट पाहण्याची किंमत

गोंदिया जिल्ह्यातल्या दवनीवाड्याचा, धान पिकवणारा एक बाप समोर बसला आहे असे धरू. मुलगी बारावी झाली, गणितात हुशार आहे आणि तिला बी.एस्सी. गणितच करायचे आहे.

पालक: सर, फीचं मला सांगू नका. फी भरता येते. पण तीन वर्षं बी.एस्सी., दोन वर्षं बी.एड., अशी पाच वर्षं घरात पैसा येणार नाही. तिनं गोंदियात कुठंही काम धरलं आणि महिन्याला १०,००० मिळाले, तर पाच वर्षांचे ६ लाख झाले. पुढं नोकरी लागलीच, तर माध्यमिकची शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं १८,००० मानधन. आठव्या वर्षाअखेर हिचे ६ लाख ४८ हजार आणि कामावर राहिलेलीचे ९ लाख ६० हजार. शिकून ३ लाख १२ हजारांनी मागं. त्यात २०२४ पासून ओबीसी आणि आर्थिक दुर्बल घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी सरकारनंच माफ केली आहे. इंजिनिअरिंगला फी नाही आणि गणिताला भरायची, हे कोणतं गणित?

मी: भाऊ, तुमचा हिशेब बरोबर आहे, पण तो आठव्या वर्षी थांबतो. शिक्षणसेवकाचा काळ संपला की प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाला सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ३८,६०० मूळ वेतन लागू होते. दरमहा २८,६०० चा फरक धरला, तर तुमची ३ लाख १२ हजारांची तूट अकरा महिन्यांत भरून निघते, महागाई भत्ता न धरता. त्यानंतरची पंचवीस-तीस वर्षे सगळी नफ्याची. एवढा परतावा देणारी दुसरी गुंतवणूक तुमच्या धानाच्या बांधीत नाही. इंजिनिअरिंगची फी माफ झाली, तरी नागपूरची खोली आणि मेस माफ झालेली नाही.

पालक: "लागलीच तर" हे मी म्हणालो होतो. तुम्ही ते सोडून दिलं.

इथे माझी बाजू अडते, आणि ती अडायलाच हवी. २०१२ मध्ये राज्याने शिक्षकभरतीवर बंदी घातली. शिक्षकभरतीसाठीची पहिली अभियोग्यता चाचणी थेट २०१७ च्या डिसेंबरात झाली. त्या पाच वर्षांत बी.एड. झालेल्याने केले काय? खाजगी शिकवण्या, विनाअनुदानित शाळेतले तुटपुंजे मानधन, स्पर्धा परीक्षांचे अर्ज. मग वरचा अकरा महिन्यांचा हिशेब खोटा ठरत नाही, पण तो सुरू कधी होणार हे कोणीच सांगू शकत नाही. सरासरी परताव्याचा आकडा सांगून बापाला गप्प करणे म्हणूनच चुकीचे आहे. गणिती डॅनिएल बर्नुलीने १७३८ मध्येच हे मांडले होते. एका फार गरीब माणसाच्या हाती सोडतीचे तिकीट आहे: निम्मी शक्यता वीस हजार मोहरांची, निम्मी शून्याची. सरासरी दहा हजार. तरी त्याने ते नऊ हजारांना विकले तर तो शहाणाच, आणि श्रीमंताने त्याच भावात ते न घेणे हा वेडेपणा. ज्याच्याजवळ थोडे आहे त्याला शून्याचा फटका जास्त बसतो. दवनीवाड्याच्या बापाची भीती ही अडाणी भीती नव्हे. ती गणिताच्याच एका शाखेने मान्य केलेली भीती आहे.

मी: पण भाऊ, द. रा. कापरेकरांचं उदाहरण घ्या. डहाणूत जन्मलेले. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिकवलं आणि ६१७४ हा स्थिरांक जगाला दिला. गणित पगारासाठीच असतं असं नाही.

पालक: त्यांना निवृत्तीनंतर पैशासाठी शिकवण्या घ्याव्या लागल्या, हेही सांगा. आणि त्यांना शाळा मिळाली होती, सर. शाळा होती म्हणून आकड्यांशी खेळता आलं. माझ्या पोरीला आधी ती शाळा द्या.

हे वाक्य मला खोडता येत नाही. कापरेकरांना बी.एस्सी.वर शिक्षकाचे काम मिळाले. आज त्याच कामासाठी बी.एड., अभियोग्यता चाचणी, शिक्षकभरतीचे पवित्र पोर्टल आणि अनिश्चित वर्षे. गणित महाग झालेले नाही. ते शिकवणाऱ्याला वाट पाहायला लावणे महाग झाले आहे, आणि पदे न भरून शासनाने वाचवलेला पैसा असल्या घरांच्या खिशातून गेला आहे. पदवीच्या किफायतीची चर्चा करणारे ही नोंद वहीत घेतच नाहीत. मुलीचा कल, बापाची ऐपत, कॉलेजची फी एवढेच मोजतात.

पालक: कुणाच्या खिशातून गेला ते कळलं. पण प्रवेशाचा अर्ज मला याच महिन्यात भरायचा आहे.

मी: मग घरी राहून गोंदियाच्या कॉलेजात भरा. गणितासोबत संख्याशास्त्र किंवा संगणक मिळत असेल तर तो विषय घ्या, म्हणजे बँक, एम.सी.ए., विमा ही दारं उघडी राहतील. बांधी गहाण टाकून मात्र शिकवू नका.

पालक: आणि ती खरंच कापरेकरांसारखी निघाली, तर? तिला नागपूर, पुणे गाठावं लागेल. तेव्हा टाकू का गहाण?

मी: तेव्हा शिष्यवृत्ती मिळू शकते. राष्ट्रीय उच्च गणित मंडळाची एम.एस्सी.साठी आहे, पुढं नेटमध्ये जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली, तर महिन्याला ३७,०००.

पालक: मिळू शकते. पुन्हा तेच, सर.