मार्ग कोणता निवडावा?

(आधार : प्रेषितांचीं कृत्यें १६:६–१०)



बारावीचा निकाल लागला कीं आपल्या खेड्यांतील ख्रिस्ती घरांत आनंदाबरोबर चिंताहि प्रवेश करिते. मुलानें पुढें काय शिकावें, आणि कोठें? अशाच दिवसांत एका मंडळींतील मुलगी आपल्या पाळकांकडे गेली. तिच्या मुठींत दोन चिठ्ठ्या होत्या. एकीवर पुण्याच्या महाविद्यालयाचें नांव, दुसरीवर तालुक्याच्या. पुण्यास जावें तर वसतिगृहाच्या खर्चापायीं वडिलांची विहिरीखालची जमीन गहाण पडणार. तालुक्यास राहावें तर देवानें दिलेली बुद्धि वायां गेली असें मनास लागणार. शिवाय रसायनशास्त्र घ्यावें कीं गणित, हेंहि ठरेना. ती म्हणाली, “पाळकसाहेब, आपण प्रार्थना करून यांतली एक उचला. माझी निवड चुकली तर मी देवाच्या इच्छेबाहेर जाईन, याचें मला भय वाटतें.”

पाळकांनीं चिठ्ठी उचलली नाहीं, आणि तें योग्यच केलें. मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून झाली हें खरें. परंतु ती पेंटेकॉस्टच्या दिवसापूर्वीं. पवित्र आत्मा उतरल्यावर प्रेषितांनीं पुन्हां चिठ्ठ्या टाकल्याचें त्या पुस्तकांत कोठेंहि आढळत नाहीं. आत्मा मिळाला म्हणून बुद्धि बाजूस ठेवावयाची नसते; ती त्याच्या प्रकाशांत वापरावयाची असते.

आतां आपल्या पाठाकडे पाहा. पौल व त्याचे सोबती आशियांत वचन सांगूं इच्छीत होते; त्यांस मनाई झाली. ते बिथुनियाकडे वळले. तीहि वाट बंद झाली. त्यांनीं पाप केलें म्हणून वाटा बंद झाल्या काय? मुळींच नाहीं. ते चालत होते, म्हणूनच वाट बंद आहे हें त्यांस कळलें. जो घरींच बसून राहतो त्यास उघडी वाटहि दिसत नाहीं आणि बंद वाटहि दिसत नाहीं. पुढें त्रोवसास रात्रीं पौलाला दृष्टांत झाला. दृष्टांत एकट्यास झाला, परंतु त्याचा अर्थ सर्वांनीं मिळून ठरविला. आणि दृष्टांतांत दिसला तो साहाय्य मागणारा मनुष्य होता. मानसन्मानाचें आसन नव्हे.

आपल्याच महाराष्ट्रांतील पंडिता रमाबाईंचें उदाहरण घ्या. त्या १८८३ सालीं वैद्यकी शिकण्याच्या हेतूनें इंग्लंडास गेल्या. परंतु त्यांस कानांनीं कमी ऐकूं येत असल्यामुळें ती वाट बंद झाली. तेव्हां चेल्टनहॅम येथील महाविद्यालयांत त्यांनीं स्वतः अध्ययन केलें व संस्कृत शिकविलें. पुढें अमेरिकेंत बालोद्यान शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला. आणि १८८९ सालीं मुंबईस शारदासदन उघडलें. ज्या डॉक्टर व्हावयास निघाल्या, त्या शेंकडों निराधार स्त्रियांच्या आई झाल्या. त्यांची पहिली निवड व्यर्थ गेली असें कोण म्हणेल?

तथापि विश्वास म्हणजे आंधळेपणा नव्हे. बुरूज बांधण्यापूर्वीं बसून खर्चाचा हिशेब करावा असें प्रभूनेंच शिकविलें आहे. म्हणून आईबापांनीं व मुलांनीं एकत्र बसावें. फी किती, राहण्याखाण्याचा खर्च किती, शिष्यवृत्ति कोणती मिळेल, महाविद्यालयास विद्यापीठाची मान्यता आहे कीं नाहीं, हें कागदावर मांडावें. तेथें शिकत असलेल्या एखाद्या विद्यार्थ्यास भेटावें. कोणता विषय कोणी न सांगतांहि आपण उघडून बसतों, हें मुलानें स्वतःस विचारावें. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका व तीन किंवा चार वर्षांनीं पदवी अशी सोय सांगितली आहे. सतराव्या वर्षीं केलेली निवड म्हणजे दगडावरची रेघ नव्हे.

आईबापहो, आपली अपुरी राहिलेली हौस लेंकरांच्या खांद्यावर लादूं नका. आणि मंडळींतील वडीलहो, असें मूल आपल्या दारीं आलें तर त्यास केवळ “प्रार्थना कर” असें सांगून परत पाठवूं नका, त्याच्याबरोबर बसा.

ती मुलगी, तिचे वडील, शाळेचे गुरुजी व पाळक असे चौघे एका संध्याकाळीं बसले. हिशेब झाला, प्रार्थना झाली. तिनें तालुक्याचें महाविद्यालय व रसायनशास्त्र निवडलें. जमीन गहाण पडली नाहीं. तीच एक निवड खरी होती असें आम्ही म्हणत नाहीं. ती पुण्यास गेली असती तरी प्रभु तेथेंहि होता. त्या रात्रीं तिनें दोन्ही चिठ्ठ्या चुलींत टाकल्या, आणि पुष्कळ दिवसांनीं तिला स्वस्थ झोंप लागली.

जो मेंढपाळ पुढें चालतो, त्याच्या मागें चालणाऱ्यास सगळी वाट आधींच दिसण्याची गरज नसते. पुढचें एक पाऊल दिसलें म्हणजे पुरे. तें टाकण्याचें धैर्य प्रभु आपल्या सर्व लेंकरांस देवो. आमेन.