डावे कुणाचे, उजवे कुणाचे?

हेलिकॉप्टर हवेत स्थिर उभे राहते, ही एक सर्वमान्य थाप आहे. लांबून पाहणाऱ्याला ते टांगलेल्या आकाशकंदिलासारखे दिसते खरे. पण ज्याच्या हातात त्याच्या कळा आहेत त्याला विचारा. ते क्षणाक्षणाला कुठल्या तरी बाजूला पडायला निघालेले असते, आणि क्षणाक्षणाला कुणीतरी त्याला सावरीत असते. या अखंड सावरण्यालाच आपण स्थैर्य म्हणतो. इतकेच काय, शेपटीवरचा लहान पंखा त्याला सतत एका कुशीकडे ढकलीत असल्यामुळे अगदी निश्चल दिसणारे हेलिकॉप्टरसुद्धा किंचित कललेलेच असते.

हे ज्ञान मला पुस्तकातून मिळालेले नाही. माझे पदार्थविज्ञान मॅट्रिकच्या पुढे गेले नाही, आणि कादंबऱ्या लिहिताना त्याची फारशी गरजही पडत नाही. पण माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात नोकरीला आहे. सुटीत गावी येताना तो एका लांबट पेटीतून आपले रेडिओवर चालणारे हेलिकॉप्टर घेऊन येतो. बीड जिल्ह्यातले, बालाघाटच्या अंगावरचे आमचे गाव. गावामागे मोकळा माळ आहे, आणि त्या माळावर गेली दोन वर्षे तो मला हे यंत्र उडवायला शिकवतो आहे. पंचेचाळिशीतल्या मास्तराच्या या नव्या खुळाबद्दल आमच्या घरातून आलेला अभिप्राय दिवाळी अंकात छापण्याजोगा नाही.

मात्र याला खेळणे समजू नये. पंख्याचा घेर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ७० सेंटिमीटर, वजन किलोच्या आत. पण पंखा मिनिटाला अडीच हजार फेरे घेतो, म्हणजे पात्याच्या टोकाचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो. २०१३ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका उद्यानात एकोणीस वर्षांचा तरुण स्वतःच्याच अशा, पण याहून मोठ्या हेलिकॉप्टरचे पाते लागून मरण पावला; आणि तो नवशिका नव्हता. म्हणून माझा हा गुरू मला यंत्रापासून चांगला लांब उभा करतो, आणि माळावर जमलेल्या पोरांना त्याहून लांब. नवशिक्याच्या यंत्राच्या पायांखाली दोन लांब काठ्या फुलीसारख्या बांधतात आणि टोकांना पिंगपाँगचे चेंडू लावतात, म्हणजे कलंडले तरी पाते जमिनीला लागत नाही. आधी ते बोटभर उचलायचे, टेकवायचे. पुन्हा उचलायचे, टेकवायचे. बालवाडीतल्या पाटीपेन्सिलीसारखाच प्रकार.

डाव्या अंगठ्याने वर-खाली करायचे आणि शेपूट वळवायची, उजव्या अंगठ्याने सगळे यंत्र पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे कलवायचे. सुरुवातीला शेपूट आपल्याकडे आणि तोंड पलीकडे असते. अशा वेळी त्याचे डावे ते आपले डावे. माणूस चार-सहा आठवड्यांत थोडाफार सावरतो, आणि त्याला वाटू लागते की विद्या आली.

मग एक दिवस हेलिकॉप्टरचे तोंड आपल्याकडे वळते.

त्या क्षणी जग उलटे होते. त्याला डावीकडे न्यावे म्हणून कळ डावीकडे ढकलावी, तर ते आपल्या उजवीकडे सरकते. कारण ते त्याचे डावे असते. लांब जावे म्हणून पुढे ढकलावे, तर ते अंगावर येते. फक्त वर आणि खाली तेवढे दोघांचे एकच राहते. कित्येक जण वर्षभर शेपटीमागे उभे राहून उत्तम उडवतात, आणि यंत्राने तोंड फिरवले की गडबडून जातात.

खऱ्या हेलिकॉप्टरमधल्या वैमानिकाला ही अडचण नाही. तो आत बसलेला असतो. यंत्र कलले की त्याचे अंगच ते सांगते. १९३९ च्या सप्टेंबरात अमेरिकेत इगोर सिकोर्स्की यांनी व्हीएस-३०० हे हेलिकॉप्टर प्रथम जमिनीवरून उचलले तेव्हा ते दोरांनी बांधलेले होते, आणि पुढेही बरेच दिवस ते मागे जाई, बाजूंना जाई, पण सरळ पुढे जायला कुरकुर करी. तरी सिकोर्स्की स्वतः आत बसलेले होते. जमिनीवर उभे राहून नीट चालवता येईल अशी प्रतिकृती जर्मनीतल्या डीटर श्ल्यूटर यांना साधली ती १९७० च्या आगेमागे, म्हणजे माणूस चंद्रावर उतरला त्या सुमारास. बाहेर उभे राहून दुसऱ्याचा तोल सांभाळणे किती अवघड, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

आता माझ्या शिक्षकाने मला दिलेली शिकवण ऐका. तो म्हणाला, "सर, याच्या दोन रीती आहेत. पहिली म्हणजे, आपण आत बसलोय असं समजायचं. तुम्ही कवायत घेताना आमच्याकडे तोंड करून 'डावा हात वर' म्हणायचात आणि स्वतः उजवा वर करायचात, तसंच. पण घाईत ते सुचत नाही. म्हणून दुसरी रीत. जी बाजू खाली जातेय, त्या बाजूला कळ न्यायची. तिला खालून टेकू दिल्यासारखी. डावं-उजवं विसरून जायचं."

मी पुष्कळ दिवस या दोन रीतींचाच विचार करतो आहे. लहानपणापासून आपल्याला नीतीची पहिलीच रीत शिकवलेली असते: स्वतःला दुसऱ्याच्या जागी ठेवून पाहा. आपल्या परंपरेत यालाच आत्मौपम्य म्हणतात. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त टिळकांनी त्याचा ऊहापोह केला आहे. उलट बर्नार्ड शॉ यांनी १९०३ मध्ये, माणसांच्या आवडी सारख्या नसतात या मुद्द्यावर, या नियमाची टर उडवली. शॉ यांचा चावटपणा सोडला तरी मुद्दा उरतोच. मी दुसऱ्याच्या जागी जाऊन बसतो, पण जाताना माझे डावे-उजवे बरोबर घेऊन जातो. त्याच्या खुर्चीत बसलेला असतो तो मीच.

आम्ही कादंबरीकार तर परकायाप्रवेशाचा धंदाच करतो. पण आमचे पात्र महिनाभर हवेत लटकत ठेवले तरी खाली पडत नाही, ही केवढी सोय! माणसे पडतात.

आमच्या भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास उसतोडीला गाड्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि ती बहुधा आधीच खर्च झालेली असते. मागल्या वर्षी सातवीतली एक हुशार मुलगी आईबापाबरोबर जायला निघाली. आमच्या शाळेतल्या एक बाई आणि मी तिच्या घरी गेलो. बाप ओसरीवर समोर येऊन बसला. शिक्षण, भवितव्य, मुलीचे मन, यांतले काहीही बाईंनी काढले नाही. त्यांनी एवढेच विचारले, "भाऊ, फडावर गेल्यावर धाकट्याला कोण सांभाळतं?"

बाप म्हणाला, "हीच की, बाई. नाहीतर हिला कशाला नेली असती?"

कललेली बाजू ती होती. मुलीची सोय हंगामी वसतिगृहात झाली असती, पण तीन वर्षांच्या पोराला तिथे कोण घेणार? बाईंनी अंगणवाडीत त्याचे नाव घातले. अंगणवाडी सुटल्यावर तो शाळा सुटेपर्यंत बाईंच्या वर्गात मागे बसू लागला, आणि रात्री दोघे भावंडे आजीपाशी. आजीला नीट दिसत नाही, पण भाकरी ती अंदाजाने उत्तम भाजते. बाईंनी बापाच्या जागी बसून काही पाहिले असेल असे मला वाटत नाही. कुठली बाजू खाली चालली आहे ते पाहिले आणि तिथे हात लावला.

तुम्ही म्हणाल, मग दुसरी रीतच खरी. मलाही काही दिवस तसे वाटले. पण माझा शिक्षक भलताच प्रामाणिक. त्याने लगेच सांगून टाकले की टेकूची रीत फक्त यंत्र जागच्या जागी उभे ठेवण्यापुरती. त्याला कुठे न्यायचे असेल, वळवायचे असेल, तर आत बसल्यावाचून गत्यंतर नाही. टेकू देणाऱ्याला पडणे दिसते. जाणे दिसत नाही.

हंगाम संपून गाडी गावात आली तेव्हा मी पारावर होतो. त्या मुलीची आई गाडी थांबायच्या आत उतरली आणि हात पसरून धाकट्याकडे गेली. पाच महिन्यांनी पाहत होती. पोराने तिच्याकडे एकदा पाहिले आणि तो बहिणीच्या मागे लपला. मुलगी त्याला पुढे ढकलीत होती, "आई हाय रं ती, आई!" आणि तो तिच्या ओढणीचा पदर सोडीत नव्हता. आईने हात खाली घेतले, डोक्यावरचे बोचके सारखे केले आणि ती घराकडे चालू लागली. मुलगी त्या वर्षी पहिली आली.

टेकू चुकीच्या बाजूला दिला होता असे मी म्हणणार नाही. ती पोर आज आठवीत आहे. पण माळावर यंत्र तोंड फिरवून माझ्याकडे येऊ लागले की मला हल्ली ते खाली घेतलेले हात आठवतात, आणि अंगठा पाव क्षण उशिरा हलतो. या खेळात पाव क्षण पुष्कळ असतो.

यंदाची उचल त्या घरात आली आहे. गाडी दिवाळीनंतर निघायची आहे. परवा त्या आईने मुलीकरवी शाळेत निरोप धाडला, की बाईंनी एकदा घरी येऊन जावे. काय बोलायचे आहे ते निरोपात नव्हते. बाईंनी मलाही बरोबर चला म्हटले आहे.