पुन्हा परीक्षा द्यावी का? पादुकांपुढच्या चिठ्ठ्यांविषयी थोडं

॥ श्री गुरवे नमः ॥



नीटचा निकाल लागला की त्या आठवड्यात पादुकांपुढच्या चिठ्ठ्या वाढतात. यंदाही वाढल्या. बेळगाव, खानापूर, डिचोली, फोंडा इथून आल्या, इंदूरच्या दोन घरांनी मोबाईलवर पाठवल्या. प्रश्न बहुतेकांचा एकच. मुलाला मार्क कमी पडले. एक वर्ष थांबून परत बसवावं का, की मिळेल ते घ्यावं? काही आई-वडील तर "हो" आणि "नाही" अशा दोन घड्या करून ठेवतात, म्हणजे गुरूंनी एक उचलावी. देवाला पाकळ्या लावून कौल घेण्याची गोव्यात जुनी रीत आहे, तिचा आम्ही अनादर करत नाही. पण ज्याला रोज पहाटे पाचला उठून पुस्तक उघडायचंय त्याला न विचारताच कौल घेतला जातो, हे मात्र आम्हाला खटकतं. म्हणून या वेळचं प्रवचन याच विषयावर.

आधी व्यवहार समजून घेऊ. 2025 साली या परीक्षेला 22 लाखांवर मुलं बसली, आणि देशातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आतबाहेर. म्हणजे एका जागेमागे सतरा-अठरा मुलं. नातेवाईक फोन करून म्हणतात, "नीट पास झाली ना, मग आता काय?" त्यांना सांगायला हवं की पात्र होणं वेगळं आणि प्रवेश मिळणं वेगळं. जिला जागा मिळाली नाही ती मुलगी "नापास" नाही. घरात हा शब्द वापरू नका, कृपा करून.

दुसरी गोष्ट. 2022 पासून या परीक्षेला वयाची वरची मर्यादा नाही, आणि किती वेळा बसावं यालाही बंधन नाही. ऐकायला बरं वाटतं. पण दार कधीच बंद होत नसलं की उंबऱ्यावरून कधी उठायचं हे आपलं आपणच ठरवावं लागतं, आणि ते अवघड असतं. तीन-तीन, चार-चार वर्षं उंबऱ्यावर बसलेली मुलं आपण पाहतो.

आता गीतेकडे वळू. सहाव्या अध्यायात अर्जुन एक फार माणसासारखा प्रश्न विचारतो. श्रद्धेने वाटेला लागला, पण मन ढळलं आणि पोचला नाही, अशा माणसाचं काय होतं? हेही नाही आणि तेही नाही, फाटलेल्या ढगासारखा तो विरून तर जात नाही ना? साधकहो, बारावीनंतर वर्षभर खोलीत बसलेल्या आणि जागा न मिळालेल्या मुलाच्या पोटात जून महिन्यात नेमकी हीच भीती असते. मित्र कॉलेजला गेले, आपण ना शाळेत ना कॉलेजात.

त्यावर भगवंतांचं उत्तर बघा. ते अर्जुनाला तिथे 'तात' म्हणून हाक मारतात, म्हणजे आपण "अरे बाळा" म्हणतो तसं, आणि सांगतात की चांगलं करणाऱ्याची दुर्गती कधी होत नाही. पुढे तर म्हणतात की त्याने आधी मिळवलेली बुद्धी त्याला परत मिळते आणि तो तिथून पुढे यत्न करतो. तिथून पुढे, पहिल्यापासून नव्हे. हे योगाविषयी सांगितलंय, प्रवेश परीक्षेविषयी नाही, हे आम्हालाही कळतं. पण केलेला अभ्यास वाया जात नाही एवढं तरी मुलाला यातून सांगता येतं. तो पुन्हा बसला तरी, बी.एस्सी.ला गेला तरी.

त्याच अध्यायात मन आवरायचे दोन उपाय सांगितलेत, अभ्यास आणि वैराग्य. आणि आपली गडबड होते ती इथेच. दमलेलं, घाबरलेलं मूल म्हणतं, "मला नकोच डॉक्टरकी." ते वैराग्य असेलच असं नाही. रणांगणावर अर्जुनही राज्य नको म्हणाला होता, भिक्षा मागून राहीन म्हणाला होता. भगवंतांनी ते वैराग्य मानलं नाही. उलट, "शेजारच्यांच्या मुलीला मिळालं, आता हिला मिळवायलाच हवं" म्हणून जे दुसरं वर्ष सुरू होतं, त्याला अभ्यास म्हणता येणार नाही. ती लाज आहे, आणि लाजेच्या जोरावर माणूस दिवाळीपर्यंत कसाबसा टिकतो.

मग ओळखायचं कसं? आपल्या एका साधक कुटुंबातल्या मुलीचं सांगतो. 471 मार्क होते, सरकारी जागेला कमी पडले, आणि खासगीची फी घराला झेपणारी नव्हती. घरात आठ दिवस नुसती चर्चा. शेवटी तिच्या मामांनी तिला स्वतःची उत्तरपत्रिका आणि उत्तरसूची घेऊन बसवलं. 180 प्रश्नांपैकी 127 बरोबर, 37 चूक, 16 सोडलेले. बरोबर उत्तराला 4 मार्क, चुकीला 1 वजा. त्या 37 मधल्या 21 प्रश्नांचे धडे तिला चांगले येत होते. घाईत वाचलं, गणितात चिन्ह चुकलं, गोल भलताच काळा केला. एका चुकीच्या उत्तराने पाच मार्कांचा फरक पडतो, म्हणजे तिथेच 105 गेले. हे ती आधी बघायलाच तयार नव्हती. बघितल्यावर रडली आणि मग म्हणाली, "मामा, मला बायो परत वाचायचा कंटाळा नाही येणार, पण पेपरची भीती घालवायला पाहिजे." तिने एक वर्ष घेतलं. एकच, आणि ते आधीच ठरवून. शिवाय बी.एस्सी.चा फॉर्मही भरून ठेवला, म्हणजे वर्ष अधांतरी नको.

दुसरा एक मुलगा, तिसऱ्या खेपेच्या उंबऱ्यावर. तो शांतपणे म्हणाला की बाबा खोलीवरून गेले की तो पुस्तक उघडतो. तो यंदा शेतकीला गेला. दोघांचेही निर्णय आम्हाला बरोबर वाटतात, कारण दोघांनीही स्वतःकडे नीट बघून ते घेतले. पुढे काय होईल ते आम्ही सांगू शकत नाही.

कोणी म्हणेल, मग गुरूंनी काहीच सांगू नये का? अठराव्या अध्यायाच्या शेवटाकडे या. एवढं सगळं ज्ञान सांगून झाल्यावर भगवान म्हणतात की याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेला येईल तसं कर. साक्षात भगवंत सारथी असताना निर्णय अर्जुनाकडे ठेवलाय! शरण ये, हे त्यानंतर येतं. क्रम लक्षात घ्या, आधी विचार आणि मग शरण. विचार करायचा टाळून चिठ्ठी पुढे सरकवली की त्याला शरणागती म्हणणं जरा घाईचं होतं.

आई-वडिलांना एक विनंती. मुलं कधी कधी आपलं अर्धवट राहिलेलं स्वप्न वाहत असतात, आणि ते ओझं आहे हेही त्यांना सांगता येत नाही. एकदा त्यांना विचारा, "आम्ही दोघं काहीच बोललो नाही तर तू काय करशील?" आणि उत्तर येईपर्यंत खरंच काही बोलू नका. मूल जेवेनासं झालं, बोलेनासं झालं, झोप उडाली, जगण्यात अर्थ नाही असं काही पुटपुटलं, तर पारायण लावून वाट बघत बसू नका. डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलिमानस सेवा 14416 या नंबरवर चोवीस तास असते, फुकट आहे. नामस्मरण त्याच्या जोडीने चालू द्या.

येत्या गुरुवारी आरतीनंतर मुलांना घेऊन या. चिठ्ठी नको, उत्तरपत्रिकेची प्रत आणा. आपल्या सत्संगातले दोन निवृत्त शिक्षक आणि एक डॉक्टर ताई बसणार आहेत, एकेका मुलाबरोबर अर्धा तास. त्या वेळात आई-वडिलांनी बाहेर महाप्रसादाची पानं मांडायला मदत करावी.