नाडीची शांती आणि मनाची शांती

शांती मोजता येते काय, हा प्रश्न आता केवळ कल्पनेचा राहिलेला नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले व तेथे योगक्रियांची परीक्षा प्रयोगशाळेत चालविली. पुढे अमेरिकेतील डॉ. हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ साली ग्रंथरूपाने असे मांडले की, एखादा शब्द मनात घोळवीत स्वस्थ बसले असता श्वास व नाडी मंदावतात, प्राणवायूचा व्यय घटतो. भय वा क्रोध यांच्या वेळी नेमके उलट घडते. नामजपाचा देहावरील परिणाम यंत्राने टिपावा, यात आम्हांस काही अनुचित दिसत नाही.

परंतु यंत्र सांगते ते किती, हे ओळखले पाहिजे. आजारी लेकराच्या उशाशी रात्र जागविणाऱ्या मातेची नाडी जलद चालते. परक्याची ठेव गिळून निर्ढावलेल्या माणसाची कदाचित संथ चालत असेल. नाडी देहाचा क्षोभ सांगते. तो क्षोभ कशासाठी, हे सांगत नाही. रणभूमीवर अर्जुनाची गात्रे गळाली, अंगास कंप सुटला. पण भगवंतांनी त्यास केवळ स्वस्थ केले नाही, कर्तव्यास उभे केले.

म्हणून रक्तदाब उतरावा यासाठी कोणी जप करील तर त्याने तो अवश्य करावा; देह हे धर्माचे साधनच आहे. मात्र मंदिरातून परतल्यावर आपली वाणी मृदू झाली काय, कोणाचे देणे फेडण्याची बुद्धी झाली काय, हेही आपण पाहावे. त्या मापास यंत्र नाही. तेथे घरची माणसे व शेजारी हेच साक्षी होत.