टाकी किती लिटरची?

केशकर्तनालयात ‘येथे राजकीय चर्चा करू नये’ अशी पाटी पूर्वी हमखास दिसायची. पाटीखालच्या बाकावर बसलेली माणसं बहुधा राजकारणच बोलत असायची आणि मालकही अधूनमधून कात्री थांबवून दोन शब्द टाकायचा. पाटीचा हेतू सरळ होता. गिऱ्हाईक मान पुढे करून बसलेलं, दुसऱ्याच्या हातात वस्तरा. अशा वेळी मतभेद नकोत. गंमत अशी, की मुरबाड तालुक्यात सिद्धगडच्या जंगलात २ जानेवारी १९४३ रोजी पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडलेले भाई कोतवाल नाभिक घरातले होते. माथेरानला जन्मले, वकील झाले, शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या आणि बेचाळीसच्या चळवळीत आझाद दस्ता उभारून मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडू लागले. हिराजी पाटीलही त्यांच्याबरोबर तिथेच हुतात्मा झाले. ज्या धंद्याच्या भिंतीवर ही पाटी सगळ्यात जास्त लागली, त्याच धंद्याच्या घरातून असा माणूस निघाला.

हीच पाटी इंटिरियर डिझायनरने आपल्या डोक्यात लावून घ्यावी का? शहापूर-मुरबाडकडे हा धंदा तसा नवाच. कालपरवापर्यंत घर आतून कसं असावं हे सुतार, गवंडी आणि डोंबिवलीला राहणारा मेहुणा असे तिघं मिळून ठरवायचे. आता वासिंद-आसनगावच्या सोसायट्या, हायवेलगतचे बंगले आणि माळशेजच्या वाटेवरची मुंबईकरांची फार्महाउसं यांमुळे लॅपटॉपवर थ्रीडी चित्रं दाखवणारी तरुण मंडळी दिसू लागली आहेत. काम दोन-चार महिने चालतं. रोजचं येणं-जाणं, चहा, हॉलमध्ये बातम्यांचा टीव्ही चालू. विषय निघतोच. डॉक्टरसमोर माणूस दहा मिनिटं बसतो. डिझायनरसमोर तो कपाटं उघडतो, बायकोशी वाद घालतो, आईला कुठली खोली द्यायची ते ठरवतो. इतक्या आत शिरलेल्या माणसाला गिऱ्हाईकाचं मत कळणार नाही, असं होतच नाही.

पक्षाचं बोलू नये, हे माझं मत आधीच सांगून टाकलेलं बरं. त्याला तत्त्वबित्त्व काही नाही, शहापूरचा इतिहास पुरेसा आहे. २०१४ ला इथून राष्ट्रवादीचे पांडुरंग बरोरा निवडून आले आणि शिवसेनेचे दौलत दरोडा पडले. २०१९ ला बरोरा शिवसेनेकडून उभे राहिले, दरोडा राष्ट्रवादीकडून, आणि या खेपेला दरोडा जिंकले. माणसं तीच, लढत तीच, झेंड्यांची तेवढी अदलाबदल. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो पहाटेचा शपथविधी झाला आणि आमदार दरोडा बेपत्ता असल्याची तक्रार शहापूर पोलिसांत दाखल झाली. पुढे ते परतले. २०२४ पर्यंत राष्ट्रवादीच्याच दोन झाल्या होत्या. हे दोघं पुन्हा समोरासमोर, एक या राष्ट्रवादीत, एक त्या, आणि दरोडा दोन हजारांहूनही कमी मतांनी आले. शेजारच्या मुरबाडमध्ये किसन कथोरे २००९ ला राष्ट्रवादीचे आमदार होते, २०१४ पासून भाजपचे आहेत. एवढ्या काळात चांगल्या घरातला सनमायकासुद्धा बदलत नाही. कुणाच्या बाजूने बोलून कुणाला दुखवायचं?

या भागातल्या बऱ्याच बंगल्यांत हॉलची एक भिंत फोटोंसाठी राखलेली असते. नेत्याच्या शेजारी हात जोडून उभे असलेले घरमालक, क्रिकेट सामन्यांच्या ढाली, सत्काराचं सन्मानचिन्ह. जाणता डिझायनर त्या भिंतीत खिळे ठोकत नाही. छतालगत एक पट्टी बसवून देतो, फोटो तारेने टांगता-उतरवता येतील अशी. कारण विचारलं तर म्हणतो, रंगकामाला बरं पडतं. मला वाटतं, राजकारणावर डिझायनरने करावं असं सर्वांत उत्तम भाष्य हेच, आणि तेही तोंड न उघडता.

यात नवीन काही नाही. बलुतेदारीच्या काळात सुतार दोन्ही तटांची औतं दुरुस्त करायचा. भावकीच्या भांडणात तो एका बाजूने बोलला, तर दुसऱ्या आळीचं बलुतं बुडालंच. आजही ग्रामपंचायतीत एकमेकांविरुद्ध उभ्या राहिलेल्या दोन घरांत फर्निचरचं काम एकाच माणसाकडे असू शकतं. तालुका लहान. सकाळी एका ओट्यावर बोललेलं संध्याकाळी दुसऱ्या ओट्यावर पोचतं.

म्हणून गप्प बसावं? काही घरांत बोलण्यापेक्षा ऐकण्याचं काम मोठं असतं. शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. ज्यांची जमीन गेली त्यांतल्या अनेकांनी मोबदल्यातून घरं बांधली. अशा घरात शिरून डिझायनर सहज बोलून जातो, ‘काय मस्त रस्ता झालाय हो, एकदम पटकन आलो.’ त्याच्या दृष्टीने हे हवापाण्याचं बोलणं. ओटीवर बसलेल्या आजीचं भाताचं खाचर त्याच रस्त्याखाली गेलेलं असतं. याच कामावर ३१ जुलै-१ ऑगस्ट २०२३ च्या मध्यरात्री सरळांबे गावाजवळ गर्डर लाँचर कोसळून २० माणसं मेली, बहुतेक पोटासाठी परराज्यांतून आलेली. घरातला मुलगा रस्त्यावर खूश असेल, आजी नसेल, सून दोघांचं ऐकून घेत असेल. प्लॅन दाखवल्यावर आजी विचारते, कणगी कुठे ठेवायची? मुलगा हसतो, भातच नाही तर कणगी कशाला? डिझायनरने इथे महामार्गाच्या धोरणावर मत दिलं काय नि न दिलं काय, फरक पडत नाही. कणगीला कोपरा काढून दिला की नाही, याने मात्र पडतो.

आता उलटी बाजू. बोलायची मुभा दोघांना सारखी नसतेच. पैसे देणारा मोकळेपणाने बोलतो, पैसे घेणारा मान डोलावतो. ‘बरोबर आहे साहेब’ हे वाक्य साइटवर दिवसातून किती वेळा उच्चारलं जातं याचा हिशेब कुणी ठेवत नाही. घरमालक सोफ्यावर बसून परप्रांतीयांनी आपल्या पोरांच्या नोकऱ्या कशा खाल्ल्या यावर तावातावाने बोलतोय, आणि तिथेच दाराला पॉलिश मारणारा कारागीर राजस्थानचा, पीओपीवाला बिहारचा. दोघांनाही मराठी नीट कळतं. खाली मान घालून ते काम करत राहतात. तक्रारीत तथ्य किती हा वाद वेगळा. इथल्या मुलांना सुतारकामाचं नीट शिक्षण मिळत नाही, ही गोष्ट खरीच आहे. पण त्या क्षणी डिझायनरची मान कुठल्या दिशेने हलते, हे दोन्ही माणसं बघत असतात. इथे वाद घालायची गरज नाही. ‘दादा, हे दार तुम्हाला आवडलंय ना? यांनी केलंय,’ एवढं म्हटलं तरी पुरे. एवढंही बहुतेक जण म्हणत नाहीत.

अशा वेळी विल्यम मॉरिस आठवतो. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधला सर्वांत नावाजलेला गृहसजावटकार. त्याच्या फुलापानांच्या भिंतकागदांच्या नकला आजही आपल्याकडच्या पडद्यांवर सापडतात. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे लोखंडाचे कारखानदार, खासदार, सरदार. सांगतात, की सर लोदियन बेल या पोलादसम्राटाच्या घराचं काम चालू असताना मॉरिस अस्वस्थपणे येरझाऱ्या घालू लागला. बेलनी विचारलं, काय झालं? त्यावर हा उसळला: श्रीमंतांच्या डुकरी चैनीची सेवा करण्यात माझं आयुष्य चाललंय! गिऱ्हाईकाच्या तोंडावर, त्याच्याच घरात. पुढे १८८३ मध्ये तो समाजवाद्यांच्या संघटनेत गेला आणि रस्त्यांवर भाषणं करत हिंडला. दुकान मात्र चालू होतं आणि भिंतकागद श्रीमंतांच्याच घरी जात होते. मला त्याचा उद्रेक आवडतो, पण तो अनुकरणीय वाटत नाही. तोवर घराचं काम बरंच झालेलं होतं. बेलसाहेबांच्या घरात त्या वाक्याने एक खुर्चीसुद्धा इकडची तिकडे झाली नाही. बोलायचंच होतं, तर पहिली रेघ ओढण्याआधी.

पहिल्या रेघेच्या आधी बोलण्यासारखं शहापूरकडे एक प्रकरण आहे, आणि ते पाण्याचं. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देतंय. मुंबईच्या पाण्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा. ही दोन्ही धरणं याच तालुक्यात, आणि याच तालुक्यात कसारा, विहीगाव, माळ या बाजूच्या पाड्यांवर उन्हाळा लागला की टँकरची वाट बघत हंडे रांगेला लागतात. हे इथे शाळकरी पोरही सांगेल. त्याच मातीत वीकेंडला येणाऱ्या कुटुंबाला फार्महाउसमध्ये पोहण्याचा तलाव हवा असतो. फार मोठा नाही म्हणतात, छोटासाच. वीस फूट लांब, दहा फूट रुंद, चार फूट खोल धरला तर साडेबावीस हजार लिटरच्या वर पाणी होतं. जलजीवन मिशनने माणशी दिवसाला ५५ लिटरचं माप धरलंय. त्या मापाने पाच माणसांच्या घराचं हे ऐंशी दिवसांचं पाणी झालं. फेब्रुवारी संपता संपता मोजायला लागलं तर मेच्या मध्यापर्यंत पुरेल इतकं.

डिझायनरसमोर हा प्रश्न टाइल निळी की हिरवी, एवढाच बनून येतो. ‘मी राजकारणात पडत नाही’ म्हणत तो निळी टाइल निवडून देतो. पण बोअरवेल किती फूट जाणार, शेजारच्या पाड्याची विहीर किती अंतरावर आहे, एप्रिलमध्ये टँकर कुठून येणार, हे विचारणं त्याच्या कामातच मोडतं. भिंतीची ओल तपासतो तसंच हे तपासायचं. उपदेशाचा सूर लावायचं काहीच कारण नाही. हौद पावसाच्या पाण्यावर भरेल असा बांधता येतो, तलावाऐवजी पडवी मोठी करता येते, बाग भाजी धुतलेल्या पाण्यावर जगवता येते. गिऱ्हाईकाने शेवटी नाहीच ऐकलं तर घर त्याचं, पैसे त्याचे. पण त्याला माहीतच नव्हतं असं उरायला नको.

तेच रखवालदाराच्या खोलीचं. फार्महाउस सांभाळायला बहुधा जवळच्या पाड्यावरचं कातकरी नाही तर ठाकर कुटुंब असतं. नकाशात त्यांची खोली पंपाशेजारी, दहा बाय आठ, वर पत्रा. खिडकी असलीच तर जनरेटरच्या बाजूला. संडास ‘नंतर बघू’. प्रधानमंत्री आवास योजनेत खेड्यातल्या साध्या घरकुलासाठी सरकार १ लाख २० हजार रुपये देतं आणि त्यातही किमान २५ चौरस मीटरचा आग्रह धरतं. बंगल्यातल्या ट्रॉल्यांचं स्वयंपाकघर अनेकदा त्याहून महाग पडतं, आणि घर राखणाऱ्या चार माणसांना मिळते सात-साडेसात चौरस मीटरची खोली. यातल्या कशावरही बैठकीच्या खोलीत वारली चित्र काढून भागत नाही, तरी बहुतेक नकाशांत वारली चित्राची भिंत आधी ठरते आणि खोलीची खिडकी शेवटी.

एवढं साधं असूनही हे बोललं का जात नाही? गिऱ्हाईक दुखावेल ही भीती थोडी असतेच. मोठं कारण मात्र बिलात सापडतं. बरेच डिझायनर एकूण खर्चाच्या टक्क्यांवर फी घेतात. तलाव रद्द झाला की त्यावरचे टक्के गेले, पत्र्याच्या खोलीला स्लॅब सुचवावा तर बजेट ताणलं म्हणून इटालियन मार्बल कापलं जाणार, म्हणजे पुन्हा तेच. सभ्यपणा म्हणून पाळलेल्या मौनात बऱ्याचदा ही आकडेमोड दडलेली असते. चौरस फुटाने ठरीव फी घेणाऱ्याला टाकी किती लिटरची, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारणं जरा सोपं जातं.