ज्याला कणा म्हणतात

12 ऑगस्ट 1836च्या रात्री स्पेनमधल्या ला ग्रांहा राजवाड्यावर पहारा देणाऱ्या पलटणींनी बंड केले. सेगोव्हियाजवळचा हा उन्हाळी राजवाडा. गादीवरची इसाबेल जेमतेम पाच वर्षांची, कारभार आई मारिया क्रिस्तिना हिच्या हाती. बंडवाल्यांचे म्हणणे घेऊन तिच्यापुढे जे उभे राहिले त्यांत ना जनरल होते, ना कर्नल. सार्जंट होते. 1812ची राज्यघटना पुन्हा लागू करा, ही त्यांची मागणी. रात्री उशिरापर्यंत घासाघीस चालली आणि शेवटी राणीने हुकमावर सही केली. पुढच्या वर्षी स्पेनला नवी राज्यघटना मिळाली. सार्जंटांना पैसे कोणी चारले, कोणत्या पुढाऱ्याने त्यांना पढवले, याची चर्चा त्यानंतर भरपूर झाली. सार्जंटाला स्वतःचे राजकीय मत असू शकते, ही गोष्ट मात्र फारशा कोणाच्या पचनी पडली नाही.

सार्जंट हा सैन्याचा कणा, असे युरोपातल्या अनेक देशांत म्हणतात. हे म्हणणारे बहुतेक वेळा अधिकारी असतात, म्हणून मला या स्तुतीचा थोडा संशय येतो. कण्याने ताठ राहावे, भार वाहावा. विचार डोके करील, असा त्या स्तुतीचा उरलेला अर्धा भाग कोणी बोलून दाखवत नाही. युरोपीय सैन्यांत या पदाचा इतिहास पाहिला तर तो मुख्यतः या न बोललेल्या भागाचाच इतिहास आहे.

पद होण्याआधी सार्जंट ही जवळजवळ जातच होती. मध्ययुगीन फौजेत सरदाराखालोखाल लढणारा, पण सरदारकुळात न जन्मलेला, तो सार्जंट. 1214 साली बूव्हीनच्या लढाईत स्वासाँच्या परिसरातले असे तीनशे घोडेस्वार फ्लेमिश सरदारांवर चालून गेले, तेव्हा आपल्या बरोबरीच्या नसलेल्यांवर काय धावून जायचे, म्हणून ते सरदार जागचे हललेच नाहीत. युद्धभूमीवरसुद्धा शिवाशीव असते ती अशी.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन मुलखात लांड्सक्नेख्त नावाच्या भाडोत्री पायदळाच्या टोळ्या उभ्या राहिल्या. त्यांच्यात दोन वेगळी माणसे दिसतात. एक फेल्डवाइबेल: भालाईतांच्या रांगा लावणारा, चौकोन जुळवणारा, कवायतीतला जाणता. दुसरा गेमाइनवाइबेल: शिपायांनीच निवडून दिलेला, त्यांची गाऱ्हाणी कप्तानापुढे मांडणारा. पगार थकला की हाच पुढे होई. पुढे फौजा राजाच्या पदरी कायमच्या झाल्या, तेव्हा पहिला माणूस टिकला आणि वाढला. दुसरा नाहीसा झाला. वरचा हुकूम खाली पोचवणारा हवा होता, खालचे वर सांगणारा नको होता. या पदाच्या साऱ्या कहाणीत मला ही निवड सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि सैन्याच्या इतिहासांत तिला एखादी ओळ मिळाली तरी पुष्कळ.

अठराव्या शतकातल्या रणांगणावर सार्जंटाची जागा रांगेच्या मागे असे. बंदुकीचा नेम बेभरवशाचा, म्हणून शेकडो माणसांनी खांद्याला खांदा लावून एकदम बार काढायचा. शेजारचा पडला की पोकळी भरायची. ती भरली जाते की नाही, कोणी पाय मागे घेतो की काय, हे पाहणारा सार्जंट. त्याच्या हातात हॅलबर्ड, म्हणजे परशू जडवलेला लांब दांड्याचा भाला. शत्रूवर तो क्वचितच चाले. त्याचा दांडा आडवा धरून रांग पुढे रेटायची. ब्रिटिश फौजेत फटक्यांच्या शिक्षेसाठी हेच हॅलबर्ड एकत्र बांधून तिकटी उभी करत आणि शिपायाला तिला बांधत. 1792 मध्ये हॅलबर्ड जाऊन साधा भाला आला, तोही पुढे गेला. सार्जंटाच्या हातात काय दिले आहे यावरून त्याच्याकडून कशाची अपेक्षा होती, ते कळते.

पण तोच सार्जंट आपल्या माणसांची हजेरी ठेवी. कोणाच्या बुटाचा तळ गेला आहे, कोण दारू विकत घेण्यासाठी काडतुसे विकतो, कोण आजारपणाचे सोंग करतो, हे त्याला ठाऊक. त्याला लिहितावाचता येणे भाग होते. कंपनी प्रत्यक्षात तोच चालवी. वरची सनद मात्र जन्माने मिळे किंवा पैशाने. इंग्लंडमध्ये 1871 पर्यंत पायदळातली आणि घोडदळातली अधिकारपदे रीतसर विकली जात. फ्रान्समध्ये युद्धमंत्री सेग्यूरच्या 1781च्या हुकमाने अधिकारी होऊ पाहणाऱ्याला चार पिढ्यांचे खानदानीपण सिद्ध करावे लागू लागले. ज्या वर्गाच्या हाती सैन्याचे व्यावहारिक ज्ञान होते, त्याच्या तोंडावर दार लावून वर कडी घातली गेली.

फ्रेंच फौजेत 1780 मध्ये शिपाई म्हणून भरती झालेला बर्नादोत दहा वर्षांत बिनसनदी पायऱ्यांच्या वर चढला नाही. मासेनाने तर कंटाळून 1789 मध्ये नोकरीच सोडली होती. मग फ्रेंच क्रांती झाली. बर्नादोत 1794 मध्ये जनरल होता आणि 1818 मध्ये स्वीडनचा राजा. मासेना आणि एकेकाळचा सार्जंट लफेव्ह्र हे नेपोलियनचे मार्शल झाले. ही गुणवत्ता क्रांतीने निर्माण केलेली नव्हती. ती बराकीत आधीच होती, हजेरी घेत बसलेली. राजेशाही परतल्यावर 1822 मध्ये गुप्त क्रांतिकारक संघटनेत सामील झाल्याबद्दल ला रोशेलच्या चार सार्जंटांना पॅरिसमध्ये गिलोटिनवर चढवले. एकदा उघडलेले दार पुन्हा लागते आहे, हे त्या पिढीने डोळ्यांनी पाहिले होते.

प्रशियाने हा पेच अधिक धूर्तपणे सोडवला. अधिकारपदे जमीनदार घराण्यांकडेच राहिली; पण राजा फ्रेडरिकने 1779 मध्ये जायबंदी जुन्या सैनिकांना खेड्यांत मास्तर म्हणून नेमायला सांगितले. (त्या शाळांतल्या पोरांचे काय झाले असेल, देव जाणे.) एकोणिसाव्या शतकात बारा वर्षे नोकरी केलेल्या बिनसनदी अधिकाऱ्याला टपाल, रेल्वे, पोलीस अशा खात्यांत सरकारी जागेचा हक्क मिळाला. फौजेत वर जाता येत नाही ना, मग बाहेर खुर्ची घ्या. प्रशियात ला ग्रांहा घडले नाही, याची कारणे अनेक असतील. पण पेन्शनीच्या आशेवरचा माणूस घटना मागायला राजवाड्यात शिरत नाही, हे त्यातले एक नक्की.

इंग्रजांनी मान वाढवला. 1802 मध्ये बाहीवरच्या फिती ठरल्या, 1813 मध्ये निशाणाशी जोडलेले कलर-सार्जंट हे पद निघाले. वर जाणारे इतके थोडे की त्यांची नावे सांगता येतात. विल्यम रॉबर्टसन 1877 मध्ये घोडदळात साधा शिपाई म्हणून भरती झाला, तेव्हा तुला लाल डगल्यात पाहण्यापेक्षा मातीआड केलेला पाहीन, अशा अर्थाचे पत्र त्याच्या आईने लिहिले. 1888 मध्ये त्याला सनद मिळाली आणि तो हिंदुस्थानात आला. शिंपी असलेल्या बापाने गणवेश शिवून दिले होते. मेसमध्ये बाकीचे शॅम्पेन घेत, हा पाणी पिई, कारण घरून पैसे येणारे नव्हते. देशी भाषांच्या परीक्षा देऊन त्याने भत्ता मिळवला. 1920 मध्ये तो फील्ड मार्शल झाला. शिपायापासून त्या पदापर्यंत पोचलेला ब्रिटिश सैन्यात हा एकटाच. असे उदाहरण पुराव्यादाखल नेहमी पुढे केले जाते. पुरावा कशाचा, ते मात्र विचारायला हवे.

रांगेमागचा हा माणूस पुढे आला तो पहिल्या महायुद्धात. मशीनगनसमोर रांग टिकेना, लढाई आठ-दहा माणसांच्या तुकडीवर आली आणि एवढ्या तुकड्यांना अधिकारी पुरवणे अशक्य झाले. जर्मन धडक-तुकड्यांत खंदकातला निर्णय बिनसनदी अधिकारी घेऊ लागला. त्याच काळात रशियात उलट टोक दिसले. पेत्रोग्राडमध्ये फेब्रुवारी 1917 मध्ये व्होलिन्स्की रेजिमेंटने जमावावर गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी सार्जंट किर्पिच्निकोव्ह आणि त्याच्या माणसांनी पुन्हा बाहेर पडायला नकार दिला, कॅप्टन मारला गेला आणि बंड शहरभर पसरले. खालचे वर सांगणारा माणूस चार शतकांनी परतला, पण आता बंदूक घेऊन.

व्हर्सायच्या तहाने जर्मनीला एक लाखाची फौज आणि चार हजार अधिकारी एवढीच मुभा दिली. बिनसनदी अधिकाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा घालायचे कोणाला सुचले नाही. जर्मन सेनाप्रमुख झेक्टने नेमकी तीच फट वापरली आणि वरच्या पदाचे काम करू शकतील असे हजारो सार्जंट तयार केले. जेत्यांनाही हे पद मोजण्याजोगे वाटले नव्हते.

ही रचना आपल्याकडे ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींतून आली: सार्जंटाच्या जागी हवालदार, कॉर्पोरलच्या जागी नाईक. वर्गाची भिंत होती तिथे वर्णाची भिंत आली, कारण केस पांढरे झालेल्या सुभेदारावरही कोवळ्या गोऱ्या अधिकाऱ्याचा हुकूम चाले. पण 10 जुलै 1944 रोजी इटलीत, टायबरच्या खोऱ्यात, मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांची अख्खी तुकडी मशीनगनच्या माऱ्यात पडली, तेव्हा विचारायला वर कोणी नव्हते. ते एकटे धावले, ग्रेनेडने गन बंद पाडली, एकाला गोळी घातली आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारले. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते धाडस होतेच; पण क्षणात तो निर्णय घेणे हे तुकडीच्या नायकाचे कामही होते, आणि तसे काम त्या पदावर सोपवलेले होते.

ते सोपवले नाही तर काय होते, हे सोव्हिएत सैन्यात दिसले. तिथे सार्जंट म्हणजे सक्तीच्या भरतीतलाच पोरगा, काही महिन्यांचे शिक्षण देऊन फिती लावलेला. त्याचे काम लेफ्टनंट करी आणि रात्री लेफ्टनंट घरी गेला की बराक जुन्या शिपायांच्या ताब्यात जाई. नव्या पोरांना मारहाण, त्यांचे पैसे आणि जेवण हिसकावणे, याला तिथे देदोव्ह्श्चिना म्हणत. 1972 मध्ये प्रापर्श्चिक हे मधले पद काढले, त्यातले बरेच कोठारांच्या किल्ल्या सांभाळण्यात रमले. रशियन सैन्यातल्या 2008 नंतरच्या सुधारणांत ते पद रद्द झाले आणि रियाझानला व्यावसायिक सार्जंटांसाठी तीन वर्षांच्या आसपासचा अभ्यासक्रम सुरू झाला. 2013 मध्ये संरक्षणमंत्री शोइगूंनी प्रापर्श्चिक परत आणले. या साऱ्या फेरफारांत लेफ्टनंटाच्या हातचे अधिकार काढून सार्जंटाला देण्याचा भाग तेवढा मागेच राहिला. युक्रेनमध्ये 2022च्या पहिल्या आठवड्यांत रखडलेली वाहने पुढे काढायला रशियन कर्नल आणि जनरल आघाडीवर येत होते, आणि तिथेच मारले जात होते.